क्युरेटर व्हायचंय, पण बी.ए.ला असतानाच काय तयारी करू?

तुम्ही बेळगावात इतिहास घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, म्युझियममध्ये क्युरेटर व्हायचंय, आणि घरचे म्हणतायत, बी.एड. कर, निदान पगार तरी सुरू होईल. मी खानापूर तालुक्यातली. हाच प्रश्न डोक्यात घेऊन तीन वर्षं एसटीनं बेळगावला ये-जा केली. आज एका वस्तुसंग्रहालयात आहे, पदाच्या पुढचं 'सहायक' अजून गेलेलं नाही, तेव्हा सांगतेय ते तेवढ्याच अधिकारानं.

आधी माझा घोटाळा ऐका. आमच्या इतिहासाच्या सरांकडे एक लोखंडी कपाट होतं. विद्यार्थ्यांनी गावाकडून आणून दिलेलं सामान त्यात असायचं: अडकित्ते, मोडीतले चार कागद, एक फुटकी समई आणि बिस्किटाच्या डब्यात अकरा शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी. दिवाळीच्या सुट्टीत यादी करायला म्हणून तो डबा मी घरी नेला. आज्जी तांब्याची घागर चिंचेनं कशी लख्ख करते ते लहानपणापासून बघितलेलं. मीही बसले, चिंच-मीठ लावून अकराच्या अकरा नाणी घासली. सोन्यासारखी झाली! सुट्टी संपल्यावर सरांच्या टेबलावर मांडली तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. तांब्यावर शेकडो वर्षांत बसलेला काळपट-हिरवा थर म्हणजे मळ नव्हे, खालच्या धातूवरचं ते पांघरूण असतं. 'श्री राजा शिव' ही अक्षरं आधीच झिजलेली, त्या थराच्या रंगातल्या फरकामुळे जेमतेम वाचता यायची. दोन नाण्यांवरची माझ्या हातानं गेली. सर रागावले नाहीत. कार्ड पुढे सरकवलं आणि म्हणाले, "स्थितीच्या रकान्यात लिही. चिंचेनं घासलेली. कोणी, कधी, तेही लिही." या धंद्यातलं माझं पहिलं लिखाण ते.

आणि खरं काम तेच आहे. क्युरेटरला सरकारी मराठीत अभिरक्षक म्हणतात, तो शब्द जड वाटला तरी बरोबर आहे. प्रदर्शन मांडणं, फीत कापणं हे वर्षातून एखाद-दोन वेळा. बाकीचे दिवस नोंदवहीचे. वस्तू आत आली की तिला दाखल क्रमांक मिळतो, बहुतेक ठिकाणी त्यात साल आणि त्या सालातला अनुक्रम असतो. तो वस्तूवर कधीही थेट लिहीत नाहीत. दिसणार नाही अशा जागी पॅरालॉइड बी-७२ नावाच्या राळेचा पातळ थर देतात, तो वाळला की शाईनं आकडा, वर पुन्हा एक थर. उद्या काढायचा झाला तर ऍसिटोननं निघून येतो. कागदावर मात्र फक्त पेन्सिल, तीही मऊ.

नोंदीतला सगळ्यात महत्त्वाचा रकाना कुठला? 'कुठून आली'. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्तीला, त्या जैन मंदिरात, तुम्ही गेलाच असाल, इथल्या रट्ट राजांच्या काळातली, इ.स. १२०४ ची. त्याच काळातले, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचे बेळगावचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ते बेळगावचे आहेत हे आज सांगता येतं कारण दगडाबरोबर त्याचा पत्ताही लिहून ठेवला गेला. अशी किती शिल्पं आपल्याकडच्या गोदामांत पडून आहेत ज्यांच्या कार्डावर नुसतं 'दगडी मूर्ती, अंदाजे बारावे शतक' एवढंच आहे! गाव गेलं, देऊळ गेलं, राहिला दगड.

म्हणून तुमचा सराव घरापासून सुरू करा. माळ्यावरची दहा भांडी खाली काढा आणि प्रत्येकाचं एक कार्ड लिहा. नाव, धातू, उंची, व्यास, वजन, तळाशी कासाराचा शिक्का किंवा कोरलेलं नाव असेल तर ते अक्षरशः जसंच्या तसं, कुठे पोचा, कुठे डाग, शेवटची कल्हई कधी. कोणाच्या लग्नात आलं, कोणत्या बाजारातून घेतलं, हे आज्जीला विचारा. धान्याची मापं असतील तर सोनंच: चिपटं, मापटं, शेर, पायली. त्यांत खरोखर किती तांदूळ मावतात ते मोजून ग्रॅममध्ये लिहा. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा. आणि आपल्या भागात राहता तर प्रत्येक वस्तूचं कन्नड नावही लिहाच. उखळीला शेजारीण ओरळु म्हणते, आणि आपला अडकित्ता तर कन्नडमधूनच मराठीत आलाय. पुण्याच्या मुलाला हा रकाना भरायला शब्दकोश लागेल, तुम्हाला शेजारच्या दारात जावं लागेल. सीमाभागात राहण्याचे तोटे आपण रोज मोजतो, हा एक फायदा कोणी मोजत नाही.

बेळगावच्या शहापूर-वडगावात, विणकरांच्या वस्तीत, ओळख असेल तर आणखी एक काम. तिथले हातमाग आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत, बाकी सगळीकडे यंत्रमागांची खडखड. एखाद्या हातमागासमोर दोन-चार रविवार बसा. धोटा, ताणा, बाणा, प्रत्येक भागाला विणकर काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत टिपा. शहापुरी साडी जपायला अनेकजण पुढे येतील, मागाच्या खुंटीचं नाव कोणी लिहून ठेवत नाही.

पावसाळा हा आपल्याकडचा दुसरा मास्तर. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीकडे जूनपासून चपला-पट्ट्यांनासुद्धा बुरशी येते हे तुम्हाला सांगायला नको. बाजारात हवेतला दमटपणा दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. ते पुस्तकांच्या कपाटात ठेवून जून ते सप्टेंबर सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. ६५-७० टक्क्यांच्या वर तो दिवसच्या दिवस राहिला की बुरशी धरते, आणि आकडा सारखा वर-खाली होत असेल तर लाकूड, कागद, हस्तिदंत सगळंच आकसतं-फुगतं आणि तडकतं. जुनी माणसं पोथी लाल कापडात बांधून वेखंड ठेवायची त्यात शहाणपण होतं, कापड श्वास घेऊ देतं. आपण प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळतो आणि दमट हवा आतच कोंडतो. आईच्या इरकलीची घडीही वर्षानुवर्षं एकाच रेषेवर ठेवू नका, घडीवर जर आणि रेशीम तुटतं. मऊ धुतलेल्या मलमलीबरोबर नळीवर गुंडाळा. कापड आणि कागदाला म्युझियममध्ये ५० लक्सच्या वर प्रकाश देत नाहीत. म्हणूनच ती दालनं अंधारी असतात, वीजबिल वाचवायला नव्हे.

म्युझियम बघायची पद्धत बदला. कित्तूरला किल्ल्यातलं संग्रहालय आहे, धारवाडला कर्नाटक विद्यापीठाच्या कन्नड संशोधन संस्थेचं आहे, कोल्हापूरला टाऊन हॉलमध्ये आहे. तिन्ही ठिकाणी सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती निघाली होती. पंचगंगेच्या काठी ग्रीकांचा देव, यावर विचार करत टाऊन हॉलमध्ये शिरा. पण सगळी दालनं पालथी घालू नका. एकाच कपाटासमोर तासभर उभं राहा आणि त्यातल्या एका वस्तूची पाटी स्वतः लिहा, साठ शब्दांत, दहावीच्या मुलाला कळेल अशी. मग तीच कन्नडमध्ये. मी पहिल्यांदा लिहिली तेव्हा साठातले वीस शब्द 'अतिशय सुंदर', 'अप्रतिम' असलेच होते. ते खोडल्यावर लक्षात आलं, वस्तूबद्दल मला काहीच माहीत नव्हतं.

एक धोक्याची सूचना. आपल्याकडे देवळामागे, बांधावर वीरगळ दिसतात, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा. खाली लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्र-सूर्य. काहींना शेंदूर असतो, काहींना चक्क ऑइलपेंट. उत्साहाच्या भरात ते उचलून कॉलेजात आणू नका, रंगही खरवडू नका. गावासाठी तो देव आहे, आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांपेक्षा जुनं शिल्प हा पुरावशेष. हस्तलिखिताला ती मर्यादा ७५ वर्षांची आहे. नांगरताना नाण्यांचं मडकं निघालं तर ते सरकारला कळवावंच लागतं. तुम्ही जागेवरच मापं घ्या, फोटो घ्या, पुजाऱ्याला विचारून गावाची आख्यायिका लिहून घ्या. तेवढंच पुरेसं आहे.

लिपी शिका. मोडी रोज अर्धा तास, सहा महिने. कन्नड वाचता येत असेल तर हळेगन्नड, म्हणजे जुन्या कन्नडमधल्या, शिलालेखांचे ठसे बघायची सवय लावा. हलशीला कदंब राजांचे ताम्रपट सापडले, तुमच्या जिल्ह्याच्या इतिहासाची कितीतरी पानं अशा लेखांत आहेत. मोडी आणि कन्नड दोन्ही वाचणारा माणूस दोन्ही राज्यांत शोधावा लागतो.

पदवीचं थोडक्यात. संग्रहालयशास्त्र बी.ए.नंतर घेतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विभाग १९५२ पासून आहे, देशातला पहिला. दिल्लीची राष्ट्रीय संग्रहालय संस्था आता भारतीय वारसा संस्था झाली. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पदव्युत्तर पदविका करता येते. मी बडोद्याला गेले. मुलाखतीला गुणपत्रिकेबरोबर त्या घरच्या भांड्यांच्या कार्डांची फाईल नेली होती, आणि बोलणं झालं ते फाईलवरच.

आता घरच्यांचं. ते चुकीचं बोलत नाहीत. जागा कमी निघतात, निघाल्या तरी निकाल लागायला वर्षं जातात, आणि मधल्या काळात कंत्राटावर संगणकीय नोंदणीचं काम करावं लागतं. पुष्कळ सरकारी संग्रहालयांत त्यासाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं बनवलेली 'जतन' ही प्रणाली वापरतात. बी.एड. केलंत तर वाया जाणार नाही, शाळांच्या सहली सांभाळणारा, मुलांना वस्तू समजावून देणारा माणूस प्रत्येक संग्रहालयाला हवा असतो. फक्त दोन्हीचा क्रम घरी बसून ठरवा, भांडून नको. माझ्या बाबांनी विचारलं होतं, "म्हणजे जुनी भांडी राखायची नोकरी?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, मग आज्जीकडून सुरुवात कर.

शेवटचं कागदोपत्री काम, आजच उरकण्यासारखं. कर्नाटकातल्या सरकारी जागांना कन्नडची सक्तीची परीक्षा असते, ती हलक्यात घेऊ नका. महाराष्ट्रातल्या भरतीत सीमाभागातल्या ८६५ गावांच्या उमेदवारांसाठी रहिवासाची वेगळी तरतूद असते. तुमचं गाव त्या यादीत आहे का बघा आणि राहत्या पत्त्याचे जुने पुरावे, शाळेचे दाखले, रेशनकार्ड एका फाईलीत लावून ठेवा. जाहिरात आल्यावर पंधरा दिवसांत ते गोळा होत नाहीत, मी एकदा त्यातच एक जागा घालवलीय.