सुजलेला खांदा आणि जुवाचा तोल

प्रश्न : खानापूर तालुक्यात आमची थोडी भातशेती आहे. चिखलणी चालू असतानाच उजवीकडच्या बैलाचा खांदा सुजला असून हात लावताच तो अंग चोरतो. जळके ऑइल लावून काम उरकावे, असे शेजारी सांगतात. तरवा, म्हणजे भाताची रोपे, लावणीला आला आहे. काय करावे?

उत्तर : या बैलाच्या मानेवर आजपासून जू ठेवू नये, औषधाचा विचार त्यानंतरचा. उरलेली चिखलणी वारंगुळ्याने (कामाच्या बदल्यात काम या रीतीने) शेजाऱ्यांच्या जोडीकडून किंवा भाड्याच्या पॉवर टिलरने करून घ्यावी. सूज ताजी व गरम असेल तर प्रथम थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात आणि नंतर मॅग्नेशियम सल्फेट व ग्लिसरीन यांचा लेप लावावा. सूज मऊ पडून आत पू झाल्याचे जाणवले तर ती घरी फोडू नये, पशुवैद्यांना दाखवावी. जळके ऑइल मात्र कटाक्षाने टाळावे, कारण त्याने जखम भरत नाही, उलट कातडीची आग होते आणि वर घाण चिकटून बसते. बेंदराच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो, ती निरोगी खांद्याची. सुजलेला खांदा चोळला तर दुखणे वाढते.

खांदा बरा झाला, तरी कारण तसेच राहिल्यास पुढच्या कुळवणीला सूज पुन्हा येईल. पावसाने भिजलेली कातडी लवकर सोलवटते हे खरे. परंतु दोघेही सारखेच भिजत असताना एकाचाच खांदा सुजला, यावरून दोष जुवात किंवा जोडीत असावा असे मला वाटते. जुवाच्या खालच्या अंगावरून तळहात फिरवून पाहावा, म्हणजे गाठ, चीर किंवा खिळ्याचे टोक हाताला लागेल. बैलांच्या उंचीत किंवा ताकदीत फरक असेल तर नाडा (जुवाला औत जोडणारा दोर) जुवाच्या बरोबर मध्यावर न बांधता ताकदवान बैलाकडे थोडा सरकवावा. ज्याच्याकडे नाडा जवळ, त्याच्यावर ओढ अधिक पडते आणि दुबळ्याला सवलत मिळते. जाणते गाडीवान हे सवयीने करतात, नव्यांना मात्र कोणी सांगत नाही.

प्रश्न : अथणी भागात आम्ही उसाच्या गाड्या ओढतो. बैल किती तास जुंपावेत? पराणीला (बैल हाकायच्या काठीला) आर, म्हणजे टोकाला अणकुचीदार खिळा, असावी का?

उत्तर : ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे 1965 चे नियम आहेत. त्यांनुसार दिवसभरात एकूण 9 तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग 5 तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. तापमान 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 या वेळेत बैल जुंपता येत नाहीत. आर लावलेल्या पराणीलाही मनाई आहे. कारखान्याच्या आवारात गाडी तासन्‌तास रांगेत उभी असते, तेव्हा धुरेखाली टेकू लावून बैल सोडावेत आणि त्यांना पाणी दाखवावे.