आधी विचार, मग वाकव

फिजिओथेरपीच्या कामात पहिले काही आठवडे तुझं सगळं लक्ष गोनिओमीटरवर, म्हणजे सांधा किती अंश वाकतो ते मोजायच्या साधनावर असणार. माझंही होतं. गुडघा ८० अंश वाकला की ८५, यातच दिवस संपायचा. कामात मजा यायला लागली ती वेगळ्याच कारणाने.

पक्षाघात झालेल्या एका आजोबांना मी रोज 'हात वर करा' सांगायचे. ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. एकदा सहज विचारलं, घरी गेल्यावर पहिलं काय करायचंय? म्हणाले, शर्टाची बटणं स्वतः लावायची. मग शर्टच हातात दिला. लुळा हात आधी बाहीत, मग चांगला, काढताना उलट. वरच्या बटणाशी १० मिनिटं झटापट चालली आणि मी हात मागे बांधून उभी. (मदत न करणं फार जड जातं, बघशीलच.) बटण लागलं तेव्हा त्यांनी हाक मला नाही, बायकोला मारली.

तर, विचारत जा. आणि खुर्ची ओढून बस, उभ्याउभ्या नको. वाचाघात (मेंदूला इजा होऊन बोलणं अडणं) असेल तर हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न कर आणि थांब. बोलता येत नाही म्हणजे काहीच कळत नाही असं नसतं. कुणी खेकसलं तर आधी दुखणं ० ते १० मध्ये किती, ते विचार. काही दिवस कोरडेच जातील, त्याला इलाज नाही. रोजच्या नोंदीत 'सब्जेक्टिव्ह'च्या, म्हणजे पेशंट स्वतः काय सांगतो त्याच्या रकान्यात पेशंटचं वाक्य त्याच्याच शब्दांत लिही. दुसऱ्या दिवशी बोलायला तिथूनच सुरुवात होते.