काफ्काच्या ‘देर प्रोत्सेस’ (इंग्रजीत ‘द ट्रायल’) या कादंबरीवरचे जर्मन लेख विद्यापीठाच्या ग्रंथालयातून कसे शोधायचे? कॅटलॉगमध्ये काहीच येत नाही.

कॅटलॉगमध्ये पुस्तकं असतात. नियतकालिकांतले सुटे लेख सहसा नसतात. त्यासाठी ‘बीडीएसएल’ ही जर्मन भाषा-साहित्याची सूची उघडा. तिच्या ऑनलाइन नोंदी १९८५ पासूनच्या. आधीचं छापील खंडांत बघावं लागतं.

खरी गोची स्पेलिंगची आहे. कादंबरीचं शीर्षक कधी झेडने, कधी सीने लिहितात (१९९० च्या चिकित्सक आवृत्तीत सी आहे), शेवटी कधी दोन एस, कधी एस्त्सेट (ß हे जर्मन अक्षर). सगळी रूपं वेगवेगळी टाकून बघा, नाहीतर निम्मं हातचं जातं. उम्लाउट (स्वरावर दोन टिंबं असलेलं अक्षर, जसं ä) टाइप होत नसेल तर त्या स्वरानंतर ई (e) जोडा.

लेख ग्रंथालयात नसेल तर आंतरग्रंथालय सेवेच्या अर्जात नियतकालिकाचं नाव, खंड, वर्ष, पानं लिहा. नुसत्या लेखाच्या नावावर अर्ज अडकतो.