पोच घेतल्याशिवाय उठू नकोस

चि. लेकरास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू ओसरीवर बसली होतीस तेव्हा तुझे पप्पा समोर होते, म्हणून मी गप्प राहिलो. तू विचारलंस, "आबा, त्या डॉक्टरनं माझ्या टीबीच्या गाठीला कॅन्सर सांगितलं, पण नंतर त्यांनी नुसतं 'चुकलं' म्हणलं असतं तरी मी सोडून दिलं असतं. हे माझं येडेपण आहे का?" मी तोंड उघडायच्या आत पप्पा म्हणाले, "कॅन्सर निघाला न्हाई ना? मग येडाईला नारळ फोड अन् गप बस." तू मान हलवलीस, ओढणी गळ्याभोवती घट्ट केलीस, आणि बोट परत मानेतल्या त्या गाठीवर गेलं. दहा मिनिटांत चार वेळा गेलं. मी मोजत होतो.

येडेपण नाही. पण आधी दुसरं बोलायचं आहे, आणि ते रागानं बोलायचं आहे. जाताना तू दारात हळूच सांगितलंस की चार दिवस गोळ्या घेतल्या नाहीत. का, तर पहिला डॉक्टर एवढ्या ठामपणे सांगून चुकला, मग दुसरा बरोबर कशावरून? लेकरा, हे मात्र चालणार नाही. पहिल्यानं सुईनं गाठीतल्या चार पेशी ओढल्या आणि त्यावर निकाल दिला. बार्शीला त्यातली एक गाठ काढून तिचे काप काढले, रंग देऊन पाहिले, वर टीबीच्या जंतूची मशीनवरची तपासणी केली, तीही पॉझिटिव्ह आली. एक ऐकीव गोष्ट आणि एक पंचनामा, दोन्हीला तू एकाच तराजूत घालतेस? मानेतल्या टीबीलाही सहा महिने गोळ्या लागतात. गाठ विरली तरी सहा महिने. मधेच सोडल्या तर तोच जंतू औषधाला दाद देईनासा होतो. लघवी केशरी होते ती गोळीच्या रंगानं. कधीकधी इलाज चालू असताना गाठ उलट थोडी फुगते, तेव्हा घाबरून बोट लावत बसायचं नाही, सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवायचं. आणि चुकलेल्या चार दिवसांचं त्यांना उद्याच्या उद्या खरं सांग. तुझी चुलती तुझं ताट वेगळं ठेवायला लागली आहे म्हणे. तिला माझ्याकडं पाठव. नुसत्या मानेतल्या गाठीचा टीबी ताटातून पसरत नाही.

ताट वेगळं म्हणालीस आणि मला रात्रभर झोप लागली नाही. त्याचं कारण आज लिहितो. तुझ्या पप्पांनाही ते पुरतं माहीत नाही.

१९९७ साल. मी ३६ वर्षांचा, तलाठी, माझ्याकडं पाच गावांचा सज्जा. हर्नियाचं ऑपरेशन करायचं होतं. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं आणि डॉक्टरनं मला आत न बोलावता बाकड्यावरच, चार माणसांदेखत सांगितलं, "तुम्हाला एड्स आहे. ऑपरेशन इथं होणार नाही." एकदा काढलेलं रक्त, एकच तपासणी. पहिली तपासणी फक्त संशय सांगते, वेगळ्या पद्धतीनं परत तपासून खात्री केल्याशिवाय माणसाला असं सांगायचं नसतं, हे मला तेव्हा कोण सांगणार? मी सायकल हातात धरून चालत घरी आलो. आठ दिवसांत तुझी काकू तिच्या भावाबरोबर माहेरी गेली, पोरगा तीन वर्षांचा. माझ्या मायनं माझा पेला वेगळा केला. स्टीलचा पेला, त्याच्या काठाला तिनं खिळ्यानं एक चरा मारला, ओळखू यावा म्हणून. मारताना रडत होती, पण मारला.

पुढं अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात परत रक्त दिलं. निगेटिव्ह. तीन महिन्यांनी परत दिलं. निगेटिव्ह. त्या दिवशी मी घरी आलो, तो पहिला रिपोर्ट पेटीतून काढला आणि चुलीत घातला. पीडा गेली म्हणलं. माय म्हणाली, बरं केलंस.

बरं केलं नाही. आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. सासऱ्यांनी विचारलं, "पहिल्यानं आहे म्हणलं, दुसऱ्यानं नाही म्हणलं. पहिला चुकला असं तो स्वतः लिहून देतो का?" मी डॉक्टरकडं गेलो. खुर्चीतून मान वर न करता ते म्हणाले, "मी तुम्हाला तसं काही सांगितलंच नव्हतं. कागद आहे का?"

कागद आहे का! सज्जात मी रोज दहा माणसांना हे विचारायचो. म्हातारी माणसं सांगायची की वाडवडिलांपासून रान आम्हीच कसतो, आणि मी म्हणायचो, आजी, कागद दाखवा. त्या दिवशी माझाच प्रश्न माझ्यापुढं उभा राहिला आणि माझ्याकडं चुलीतली राख होती. काकू चौदा महिन्यांनी आली. ती विश्वासानं आली, कागदानं नाही, हे तिचं मोठेपण. पण चौदा महिने गेले ते गेलेच.

म्हणून तुला एकच सांगतो, पुन्हा पुन्हा सांगतो. कागद ताब्यात घे. रडायचं असेल तर रड, भांडायचं असेल तर भांड, माफ करायचं असेल तर कर, पण आधी कागद ताब्यात घे. त्या दवाखान्यात सुईच्या तपासणीचा रिपोर्ट, केसपेपर, ज्यावर त्यांनी पहिल्या भेटीत लिहिलं तो कागद, भरलेल्या पैशाच्या पावत्या, सोनोग्राफी, सगळं. काचेच्या स्लाइड लॅबमध्ये असतात, त्या मागता येतात. बार्शीला काढलेली गाठ मेणाच्या ठोकळ्यात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. उद्या कुणी शंका काढली तर तोच ब्लॉक तिसऱ्या डॉक्टरला दाखवता येतो, तुला परत कापून घ्यायची गरज पडत नाही. २००२ साली डॉक्टरांच्या आचरणाचे नियम झाले आहेत. भरती रुग्णाचे कागद तीन वर्षं जपून ठेवायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे, असं त्यात स्पष्ट आहे. तोंडी मागू नकोस. अर्ज दोन प्रतींत लिही, एक त्यांना दे, दुसरीवर सही-शिक्का आणि तारीख घे. पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस. घ्यायला नकार दिला तर पोस्टात जाऊन स्पीड पोस्टानं पाठव आणि पोस्टाची पावती जपून ठेव. तो नकारही कागदच असतो.

तुझा रिपोर्ट तू मला दाखवलास तो मी दोनदा वाचला. तू किंवा पप्पांनी शेवटची ओळ वाचली का? पॅथॉलॉजिस्टनं लिहिलं आहे की लिम्फोमाची, म्हणजे गाठींच्या कॅन्सरची, शंका वाटते, गाठीची बायोप्सी करून खात्री करावी. खात्री करावी! म्हणजे ज्यानं दुर्बिणीतून पाहिलं तो सांगत होता की अजून ठरलेलं नाही. आपल्याकडं मानेत गाठ आली की टीबीचा विचार आधी करतात, हे शिकाऊ डॉक्टरलाही माहीत असतं. आणि त्या मोठ्या डॉक्टरनं ती ओळ ओलांडून तुला सांगितलं की कॅन्सर आहे, सोमवारी भरती व्हा, चाळीस हजार भरा, किमो सुरू करू. पप्पांनी दोन एकर गहाण टाकायची बोलणी केली. तुझी सोयरीक मोडली. मग तुझ्या मामानं हट्ट धरून तुला येरमाळ्यावरून बार्शीला नेलं म्हणून हे कळलं. नाहीतर?

माणूस चुकतो, हे मला मान्य आहे. डॉक्टरही चुकतो. २००५ साली सुप्रीम कोर्टानंही सांगितलं आहे की अंदाज चुकला एवढ्यानं डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. बरोबरच आहे, नाहीतर अवघड पेशंटला कुणी हात लावणार नाही. पण शेवटची ओळ न वाचणं हा अंदाज चुकणं नव्हे. आणि परत गेल्यावर तुला काय सांगितलं, तर "कॅन्सर नाही निघाला, तुम्ही तर पेढे वाटायला पाहिजेत." हे तू सांगितलंस तेव्हा माझा हात थरथरला. समोरची पोरगी तीन आठवडे मरण डोक्यावर घेऊन झोपली होती, आणि ह्याला पेढे सुचतात.

तुझा भाऊ म्हणतो, चार पोरं घेऊन जातो आणि काचा फोडतो. त्याला माझं नाव घेऊन बजाव. २०१० चा कायदा आहे, डॉक्टरवर किंवा दवाखान्यावर हात टाकला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड, जामीनही सहज नाही. वर नुकसानीची दुप्पट भरपाई. काच फुटली की तो डॉक्टर फिर्यादी आणि तू आरोपीची बहीण. सगळं उलटं होईल.

ग्राहक आयोगात जायचं की नाही हे तू ठरव. पैसे घेऊन केलेला इलाज १९९५ पासून ग्राहक कायद्यात येतो, आणि तुझ्याएवढ्या रकमेला जिल्हा आयोगात फीही नाही. पण दोन वर्षांची मुदत असते. माझी मुदत मला कळायच्या आतच निघून गेली. मुंबईच्या मेडिकल कौन्सिलकडंही तक्रार करता येते. जा किंवा नको जाऊस, कागद मात्र आज मागायचा. मन शांत झाल्यावर मागू असं म्हणशील तर ते कधी होत नसतं. मी वाट पाहिली होती.

आता लोक तुला माझं उदाहरण देतील. देतीलच, गाव आहे. आबानं एका डॉक्टरच्या मागं सात वर्षं घालवली, दरवर्षी त्याच तारखेला जाऊन बसायचा, काय मिळालं? बसायचो. पैसे मागितले नाहीत, शिवी दिली नाही. एक ओळ मागितली, 'चाचणीचा निष्कर्ष चुकला होता', खाली सही. सातव्या वर्षी कंपाउंडरनं बाहेर काढलं. काकू अजून म्हणते, त्या सात वर्षांत तुम्ही माझ्याशी बोललात त्यापेक्षा जास्त त्या डॉक्टरबद्दल बोललात. ती म्हणते ते मी ऐकून घेतो. पण चुकलो असं मला वाटत नाही. सांग ना, सातबाऱ्यावर कुणाचं नाव चुकलं तर कलम १५५ खाली अर्ज करून दुरुस्ती होते. गुंठाभर रानाची नोंद दुरुस्त होते आणि माणसाची होऊ नये? चुकीची नोंद आपोआप जात नाही, मी उभी नोकरी तेच पाहिलं. निजामाच्या काळातली 'कुणबी' अशी एक ओळ सापडावी म्हणून आत्ता परवापर्यंत लोक जुन्या दप्तरांत डोळे फोडत होते, तूही पाहिलंस. मी एका ओळीसाठी सात वर्षं गेलो तर काय बिघडलं?

बिघडलं ते एवढंच की माझ्या हातात पहिला कागद नव्हता. तो असता तर सात वर्षं लागली नसती, एक दिवस लागला असता. सासऱ्यांपुढं दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले असते. मायला दाखवले असते. माय २००९ ला गेली, तोवर माझा पेला वेगळाच घासायची. सवयीनं, म्हणायची. तो पेला आजही माझ्याकडं आहे, मी त्यातच पाणी पितो, काकूला ते आवडत नाही.

तुझ्या चुलतीला, त्या मोडलेल्या सोयरिकीवाल्यांना, उद्या येईल त्या नव्या स्थळाला काय दाखवशील? 'नाही हो, चुकून म्हणाले होते' असं सांगत फिरशील का? मी फिरलो आहे, लेकरा. कुणी ऐकत नाही. ऐकल्यासारखं करतात आणि पेला वेगळा ठेवतात.

मंगळवारी सकाळच्या एसटीनं ये. दोन कोरे फुलस्केप आण, कार्बन माझ्याकडं आहे. अर्जाचा मजकूर मी सांगतो, पण अक्षर तुझं पाहिजे आणि सहीही तुझी, पप्पांची नको. मग आपण दोघं त्या दवाखान्यात जाऊ. मी बाहेर बाकड्यावर बसेन, आत तू एकटी जाशील. गोळ्यांची पाकिटं सोबत आण. रिकामी आणि भरलेली, दोन्ही. मी मोजणार आहे.

तुझा,
आबा