एकटीच थीम पार्कला? लोक काय म्हणतील!

प्रश्न: ताई, चाळिशीत एकटीच थीम पार्कला चाललेय म्हटलं तर ऑफिसात सगळे "मुलांशिवाय? सगळं ठीक आहे ना?" असं विचारतायत, काय सांगू?

उत्तर: अगं, "मजा करायला चाललेय" म्हण आणि विषय बदल, खुलासे देत बसलीस की प्रश्न वाढतातच. १९५५ला डिस्नेलँड उघडलं तेच मोठ्यांनाही मजा करता यावी म्हणून, मुली मेरी-गो-राउंडवर आणि आपण बाकावर हे वॉल्ट डिस्नेला पटेना. शिवाय मोठ्या पार्कांत काही राइड्सना सिंगल रायडर लाइन असते, रिकाम्या उरलेल्या एकेका सीटवर एकट्याला बसवतात, त्यामुळे नंबर बऱ्याचदा लवकर लागतो (कीव करणाऱ्यांना हे मुद्दाम ऐकव!). आणि तिथे कोण बघतंय गं, सगळे आपापल्या रांगेत घामाघूम. फोटोसाठी मात्र कुणालातरी पकडावं लागेल.