तुमचे प्रश्न : सोयाबीन पडलं, मग पशुखाद्याचं पोतं का उतरत नाही?

या वेळी पत्रं आणि व्हॉट्सॲप मिळून बरेच प्रश्न आले आणि त्यातले निम्म्याहून जास्त सोयाबीनचे नाहीतर दुधाचे. वाचताना जाणवलं ते असं की एकाच घरातला माणूस शेतात उभा राहून विचारतो सोयाबीनचा भाव का पडला आणि गोठ्यात गेला की विचारतो खुराक एवढा महाग का. म्हणून पहिला तोच घेतो, आणि त्याला जरा जास्त जागा देतो.

प्रश्न : माझ्याकडं चार एकर सोयाबीन आणि पाच एचएफ (होल्स्टीन, जास्त दुधाच्या जातीच्या) गाई आहेत. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328 आणि व्यापारी 4200 ने मागतोय. म्हटलं चला, सोयाबीन पडलं तर निदान खाद्य तरी स्वस्त होईल, पण पोत्याचा रेट आहे तिथंच. असं कसं? (बार्शी तालुका)

उत्तर : दादा, तुमची चिडचिड अगदी रास्त आहे. आधी सोयाबीन कशात विकलं जातं ते बघू. 100 किलो सोयाबीन मिलमध्ये गेलं की साधारण 18 किलो तेल निघतं आणि 80-82 किलो पेंड, म्हणजे नावाला तेलबिया पण वजनाने बघाल तर आपण पेंडच पिकवतो. सप्टेंबर 2024 ला केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क 5.5 वरून 27.5 टक्क्यांवर नेलं, किराणा दुकानात तेल लगेच चढलं, सगळ्यांना वाटलं आता सोयाबीन उठणार. नाही उठलं, कारण पेंडेला उठाव नव्हता. ब्राझील, अर्जेंटिनाकडे भरपूर माल, त्यांची पेंड स्वस्त, आपली बिगर-जीएम (जनुकीय बदल न केलेल्या बियाण्याची) आणि महाग त्यामुळे निर्यात अडखळते. मे 2025 च्या शेवटी तर ते शुल्क परत 16.5 टक्क्यांवर आणलं, म्हणजे तेलाचा जो काय आधार होता तोही निम्मा सरकला.

आणि देशातल्या देशात पेंडेच्या जागी दुसरा माल आला, डीडीजीएस. मका किंवा तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो वाळवून विकतात, प्रथिनं भरपूर आणि पेंडेपेक्षा स्वस्त. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली आणि मक्याला एकदम मागणी आली. एक टन मक्यातून साधारण 380 लिटर इथेनॉल मिळतं आणि 300 किलोच्या आसपास हा चोथा. बघा, एकाच कारखान्याच्या दारात दोन गोष्टी झाल्या, मक्याला नवीन गिऱ्हाईक मिळालं आणि सोयापेंडेचं जुनं गिऱ्हाईक तुटलं. पूर्वी मका निर्यात करणारा आपला देश 2024 ला मका आयात करायला लागला यावरून ओढ किती होती ते कळेल.

आता तुमच्या पोत्याकडे येऊ. सोयापेंडेचं मोठं गिऱ्हाईक पोल्ट्री आहे, गाय नाही. गाईच्या पोत्यात सरकी पेंड, मका, भाताचा कोंडा, गव्हाचा भुसा, मळी, खनिजं असं सगळं असतं, सोयापेंड असली तरी थोडी. म्हणजे तुमचं पोतं सोयाबीनला बांधलेलंच नाही, ते कपाशीला आणि मक्याला बांधलेलं आहे. कपाशीचा पेरा घटला की सरकी कमी, सरकी कमी की पेंड महाग, आणि ती महागाई थेट गव्हाणीत येते. सोयाबीन पडल्याचा फायदा आधी कोंबडीला मिळतो, तो गाईपर्यंत पोचेपर्यंत सीझन सरलेला असतो. आणि हेही खरं आहे की कच्चा माल चढला की पोत्याचा रेट आठवड्यात चढतो, उतरताना मात्र महिनोन्महिने लागतात, हे मी वीस वर्षं बघतोय आणि मला ते अजून खटकतं.

करायचं काय तर पाच-सहा गोठेवाले मिळून कच्चा माल घ्या आणि भरडून मिसळा. मका भरडा 35-40 टक्के, पेंडी मिळून 30-35, कोंडा-भुसा 25 च्या आसपास, खनिज मिश्रण 2 आणि मीठ 1. यात पेंडीपैकी थोडा भाग सोयापेंड घाला, सोयाबीन पडलेलं असतं तेव्हा ती परवडते. डीडीजीएस घ्यायचं तर बघून घ्या, नुसतं वरवर नाही, पोत्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घाला, मूठ बाहेर काढून नाकाजवळ न्या. कुबट वास आला किंवा हाताला गरम लागलं तर परत पाठवा. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष गाईच्या पोटातून दुधात उतरतं आणि ते दूध आपलीच पोरं पितात.

प्रश्न : वीस क्विंटल सोयाबीन घरात आहे. ठेवू का विकू, एका शब्दात सांगा. (लातूर जिल्हा)

उत्तर : एका शब्दात नाही सांगता येणार, पण एका हिशोबात सांगतो. बाजार समितीकडे शेतमाल तारण योजना असते, सोयाबीन गोदामात ठेवलं की किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, 6 टक्के व्याज, मुदत 180 दिवस. तुमचा माल 4200 ने धरला तर 84 हजारांचा, त्यावर 63 हजार हातात. सहा महिन्यांचं व्याज झालं 1890, म्हणजे क्विंटलला 95 रुपये धरा. वर वाळून वजनात जी घट येईल ती. ठेवलेल्या मालात 2 टक्के घट आली तरी क्विंटलमागे 84 रुपये गेले. म्हणजे सहा महिन्यांनी भाव 4400 च्या वर गेला तरच ठेवण्यात अर्थ, 4300 ला विकलंत तर भाव वाढून पण तोटाच. आणि सावकाराकडून 2 टक्के महिन्याने पैसे आणून माल धरून ठेवला असेल तर मी म्हणेन आजच विका.

त्याआधी हमीभाव केंद्रावर नंबर लावा. नोंदणी आणि सातबाऱ्यावर पीकपेरा पाहिजे, आणि ओलावा 12 टक्क्यांच्या आत. नोव्हेंबर 2024 ला केंद्राने तो 15 टक्क्यांपर्यंत चालवून घेतला होता पण दरवेळी तसं होईल यावर बसू नका, ताडपत्रीवर दोन ऊन जास्त द्या. दाणा दाताखाली धरून बघा, कट्कन फुटला तर चालेल, दबला तर केंद्रावरून ट्रॉली परत येणार आणि भाडं डोक्यावर बसणार.

प्रश्न : दुधाचा दर चांगला चाललाय तर अजून चार गाई घेऊ म्हणतोय. बँक कर्ज द्यायला तयार आहे. (श्रीगोंदा)

उत्तर : दादा, थांबा. मी स्वतः 2023 च्या सुरवातीला दर चढलेला बघून दोन गाभण गाई घेतल्या होत्या, चढ्या बाजारात चढ्या किमतीला. त्या वर्षी जुलैत सरकारने 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) लिटरला 34 रुपये दर ठरवून दिला, आणि डिसेंबरपर्यंत आमच्याकडं हातात 26-27 पडत होते. पावडरीचा बाजार पडला होता ना. आपल्या राज्यात गाईचं जास्तीचं दूध पावडर आणि बटरमध्ये जातं, 100 लिटरची साधारण पावणेनऊ किलो पावडर होते, त्यामुळे जगात कुठं पावडरीचा ढीग लागला की आपल्या कॅनपर्यंत त्याची झळ येते. मग जानेवारी 2024 पासून लिटरला 5 रुपये अनुदान, जुलैत 30 रुपये दर अधिक 5, ऑक्टोबरपासून 28 अधिक 7. आणि तेही ज्या जनावराच्या कानात बिल्ला आणि ऑनलाइन नोंद आहे त्यालाच. माझ्या एका गाईचा बिल्ला तारेत अडकून तुटला होता, तिचे दोन महिने गेले.

म्हणून नुसता दर बघू नका. एक लिटर दुधाच्या पैशात किती किलो खुराक येतो ते बघा. दीड किलो येत असेल तर धंदा चालतो, एक किलोवर आला की गाय तुम्हाला नाही, तुम्ही गाईला पोसताय. हा माझा आडाखा आहे, पुस्तकातला नाही. समजा 12 लिटरची गाय आहे, तिला अंगासाठी दीड किलो आणि दर अडीच लिटरला एक किलो धरला तर सव्वासहा किलो खुराक, 30 रुपयांनी 190. हिरवा चारा 25 किलो विकतचा धरला तर 75, वाळलेला 5 किलो 40. झाले 305. दूध 30 ने 360. उरले 55 आणि त्यात डॉक्टर, औषध, हप्ता, तुमची आणि वहिनींची पहाटे पाचपासूनची मेहनत. परत ही गाय वर्षभर दूध देणार नाही, भाकड काळात खाणार, पण आणणार काही नाही. आणि फॅट-एसएनएफचं वेगळंच. पावतीवर एसएनएफ 8.5 च्या जागी 8.3 आलं तर दोन पॉइंट, काही डेअऱ्या पॉइंटला रुपयापर्यंत कापतात, 55 मधले 24 तिथंच गेले. शक्य असेल तर महिन्यातून एकदा त्याच दुधाचा नमुना दुसऱ्या मशीनवर तपासून घ्या, भांडायला नाही, खात्रीला.

अजून एक, वेळेचं गणित. ब्रॉयलर कोंबडी 40 दिवसांत विकायला तयार, म्हणून श्रावणात रेट पडला की पिल्लं कमी टाकतात आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत बाजार सावरतो. गाईचं तसं नाही. आज रेतन केलं तर सव्वानऊ महिन्यांनी वेत, कालवड झाली तर ती दुधावर यायला अजून अडीच-तीन वर्षं. आज दर बघून सगळ्यांनी गोठे वाढवले तर ते दूध तीन-चार वर्षांनी एकदम डेअरीवर येतं, आणि तेव्हा दर काय असेल हे आज कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. त्यामुळे चार गाई विकत घेण्यापेक्षा आहेत त्या गाईंना सॉर्टेड सीमेन (कालवडच व्हावी म्हणून निवडलेलं वीर्य) वापरा, दहातल्या नऊ वेळा कालवड होते, आणि कर्ज काढायचंच तर मुरघासाच्या (हिरवा चारा दाबून, मुरवून साठवण्याच्या) खड्ड्यासाठी काढा. मका दाणा चिकात असताना कापून, कुट्टी करून, हवा राहणार नाही असा दाबून भरला तर 45 दिवसांनी तयार, आणि उन्हाळ्यात चाऱ्याचे भाव दुप्पट होतात तेव्हा तोच तुम्हाला तारतो.

प्रश्न : यंदा उन्हाळ कांदा लावावा का? (येवला)

उत्तर : पिकाचं सांगता येईल, धोरणाचं नाही. आठवा, ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये थेट बंदी, मे 2024 ला बंदी उठली पण टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क राहिलं, सप्टेंबरमध्ये शुल्क 20 टक्के, आणि 1 एप्रिल 2025 ला शून्य. शून्य झालं तेव्हा लासलगावला उन्हाळ कांदा भरभरून येत होता, म्हणजे दार उघडलं पण उशिरा. दरम्यान बाहेरच्या गिऱ्हाइकाने दुसरीकडून माल घ्यायची सवय लावून घेतली. कांदाचाळ चांगली असेल तर नेहमीएवढाच लावा, गेल्या वर्षी कुणाला काय भाव मिळाला त्यावर एकरं वाढवू नका.

प्रश्न : आमच्या गावात बैलजोड्या बोटावर मोजण्याइतक्या राहिल्या. सगळीकडे असंच आहे का? (आटपाडी)

उत्तर : हो काका. 2012 आणि 2019 च्या पशुगणना शेजारी ठेवल्या तर देशात नर गोवंश सुमारे 30 टक्क्यांनी घटला आणि गाई 18 टक्क्यांनी वाढल्या. देशी जनावर एकूण 6 टक्के कमी, संकरित 27 टक्क्यांच्या आसपास जास्त. ट्रॅक्टर आला, चारा महागला, आणि आपल्याकडे 2015 पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे त्यामुळे म्हातारा बैल विकून नवा घ्यायचा जो जुना रिवाज होता तोच मोडला. 2022 ला लंपी आला तेव्हा तर जनावरांचे आठवडी बाजारच बंद होते. आपली देशी खिलार जात टिकावी असं मनापासून वाटतं, पण तिला सांभाळायचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकून ती टिकणार नाही. 21 व्या पशुगणनेचं काम ऑक्टोबर 2024 ला सुरू झालं होतं, पुढच्या गणनेला मोजणारा दारात आला की खिलारची नोंद खिलार म्हणूनच होऊ द्या, मोजणाऱ्याने नुसतं देशी लिहिलेलं चालवून घेऊ नका.

प्रश्न : बचत गटातून दहा शेळ्या घेणार आहोत. विकताना व्यापारी फसवतो म्हणतात. (भूम तालुका)

उत्तर : ताई, तुमच्या भागातच उस्मानाबादी आहे, बाहेरून दुसरी जात आणायच्या मागे लागू नका. पाच महिन्यांत वेत, जुळी बरीच होतात, दोन वर्षांत तीन वेतं मिळाली तर छान. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, आणि पीपीआरची (शेळ्यांची जीवघेणी साथ) चुकवू नका, ती आली तर दहातल्या सहा-सात शेळ्या आठवड्याभरात जातात.

फसवणुकीचं म्हणाल तर ती नजरेच्या सौद्यात होते. व्यापारी बोकडाच्या कमरेवर हात फिरवतो, बोटांनी पाठीचा कणा दाबतो आणि म्हणतो अठरा किलो असेल. तुम्ही एक साधा टांगता काटा घ्या, गटाच्या पैशातून घ्या, दाराच्या आढ्याला अडकवा आणि बोकडाच्या पोटाखालून पोत्याची झोळी करून उचला. मी एकदा असंच एका ताईंच्या अंगणात बघितलं, अठराचा बोकड काट्यावर बावीस भरला. चार किलोचा फरक एका बोकडात. बकरी ईदच्या आधी दोन महिने वजनं लिहून ठेवायला सुरवात करा, आणि सगळ्याजणींनी किलोचा एकच भाव ठरवून एकाच दिवशी व्यापाऱ्याला बोलवा.