ताजी फळं आणि गोठवलेला माल एकाच रीफर कंटेनरमधून (शीत यंत्र बसवलेल्या कंटेनरमधून) पाठवता येतो का? आणि माल आत गेल्यावर थंड होतोच ना?

दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे. साध्या रीफरमध्ये एका वेळी एकच तापमान ठेवता येतं. गोठवलेल्या मालाला उणे 18 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी लागतं, तर केळ्यांना साधारण 13 ते 14 अंश. केळी त्याखाली गेली की साल काळपट पडते आणि मग ती नीट पिकतच नाहीत.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. रीफर माल थंड करण्यासाठी नसतो, आधीच थंड केलेला माल तसाच ठेवण्यासाठी असतो. त्यामुळे माल शीतगृहात पूर्ण थंड करूनच भरा.

भरताना हवेकडे लक्ष द्या. थंड हवा जमिनीवरच्या खाचांतून येते, वर चढते आणि छताजवळून परत यंत्राकडे जाते. भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर खोकी रचली की हा परतीचा रस्ताच बंद होतो. ताजी फळं कंटेनरमध्येही श्वसन करतात, उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. म्हणून हवा खोक्यांच्या आतून जायला हवी: खोक्यांची भोकं एकावर एक जुळवा, बाहेरची हवा घेणारी झडप गरजेइतकी उघडी ठेवा. गोठवलेल्या मालाला ती बंदच हवी, आणि खोकी एकमेकांना घट्ट चिकटवून रचली तरी चालतात.

भरायच्या आधी मालाच्या गाभ्यात थर्मामीटर खुपसून तापमान बघा आणि लिहून ठेवा. यंत्राच्या पडद्यावर दिसतं ते हवेचं तापमान असतं, मालाचं नव्हे.